मागच्या पायाचं पहिलं पेर

सोमवारी सकाळी साडेदहाला सुकेशनीनं भुंगेऱ्यांच्या कपाटातला सत्तावीस नंबरचा खण ओढला. तिसऱ्या वर्षाच्या मुलांचं प्रात्यक्षिक होतं आणि तिला शेणातल्या भुंगेऱ्यांचे चार नमुने हवे होते. आधी तिला वाटलं, रिकामाच खण हाताला लागला. टाचण्या रांगेत उभ्या होत्या. टाचण्यांवर चिठ्ठ्या होत्या, चिठ्ठ्यांवर काळ्या शाईतलं बारीक, सरळ अक्षर होतं. तीन-चार मिलिमीटरच्या भुंगेऱ्याला टाचणी टोचता येत नाही, म्हणून तो कागदाच्या तिकोनी तुकड्याच्या टोकाला गोंदानं चिकटवतात. ते तुकडेही जागेवर होते. काही ठिकाणी गोंदात एखादा पाय अडकून राहिला होता. भुंगेरा मात्र नव्हता. खाली कॉर्कवर चिमूट चिमूट तपकिरी भुगा पडला होता.

तिनं अठ्ठावीस ओढला. मग सव्वीस. प्रात्यक्षिक होणार नाही असं मुलांना सांगायला तिनं येडबाला पाठवलं आणि दुपारी दोनपर्यंत चौसष्टच्या चौसष्ट खण उघडून पाहिले. तेवीस खणांना कीड लागली होती. त्यातले नऊ पार गेले होते.

परभणीजवळच्या त्या कृषी महाविद्यालयात हा संग्रह सूर्यभान सरांनी एकेचाळीस वर्षं जमवला होता. आयुष्यभर त्यांनी शेणातले आणि लेंड्यांतले बारीक भुंगेरे गोळा केले, ज्यांच्याकडे शेतकरी बघत नाही आणि शास्त्रज्ञही फारसा बघत नाही. निवृत्तीनंतरही ते सेलूहून आठवड्यातून दोनदा येत आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मायक्रोस्कोपला डोळा लावत. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ते गेले. तेव्हापासून संग्रह सुकेशनीकडे होता. ती नऊ वर्षं तिथं तांत्रिक सहायक होती, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. वडील पूर्णा जंक्शनला रेल्वेत होते, घर अजून तिथंच. रोज गाडीनं येणं-जाणं. पहिल्या दिवशी सरांनी तिला आडनाव विचारलं नव्हतं, मार्क विचारले नव्हते. एका भुंगेऱ्याचा मागचा पाय काचेवर ठेवला आणि म्हणाले, "याचं चित्र काढ. दिसतंय तेवढंच काढ."

तीन वाजता विभागप्रमुख शिवशंकर सर आले. त्यांनी दोन खण पाहिले, तिसरा पाहिला नाही. त्यांची नजर खोलीभर फिरली आणि खुर्चीवर थांबली.

"हे काय आहे?"

"घोंगडी, सर. सूर्यभान सरांची."

"लोकर? कीटकसंग्रहाच्या खोलीत लोकर? कुणी आणली ही?"

येडबा दारात फडकं घेऊन उभा होता. "म्या आणली, सर."

"अरे वा. म्हणजे चोर दारातच उभाय."

येडबा झरीकडचा, मेंढपाळाच्या घरचा. तीसेक वर्षांपूर्वी त्याच्या बापाच्या मेंढरांच्या वाड्यात पँट-शर्टातला एक माणूस उकिडवा बसून लेंड्या फोडत होता, तेव्हा सगळ्या वस्तीनं त्याला येड्यात काढलं. येडबा मात्र काड्यापेटीत किडे भरून त्या माणसाला नेऊन द्यायला लागला. संग्रहातल्या निम्म्या चिठ्ठ्यांवर शेवटच्या ओळीत 'संग्राहक: येडबा' असं होतं. अकरा वर्षांपूर्वी सरांनीच त्याला कंत्राटी परिचर म्हणून लावून घेतलं. कायम करण्याच्या प्रस्तावात यंदा त्याचं नाव गेलं होतं. खोलीत एसी चोवीस तास चालायचा, म्हातारपणी सरांचे गुडघे गारठायचे. येडबानं आईनं हातानं कातलेल्या लोकरीची घोंगडी आणून दिली होती. सर गेल्यावर तो ती परत न्यायला निघाला, तेव्हा सुकेशनीच म्हणाली होती, "राहू द्या मामा तिथंच." तिला वाटलं, आता तो हे सांगेल. त्यानं फडकं खांद्यावर टाकलं.

"शनिवारी तपासणी समिती येतेय," शिवशंकर सर तिला म्हणाले. "त्याच दिवशी या दालनाला सूर्यभान सरांचं नाव द्यायचंय, फलक रंगवून आलाय. आणि आत हे. मला गुरुवारी संध्याकाळपर्यंत अहवाल पाहिजे. कीड कोणती, आली कुठून. कुठून ते तर दिसतंयच. येडबा, तुला मेमो निघेल."

"बरं सर," येडबा म्हणाला, जणू त्याला चहा आणायला सांगितला होता.

मंगळवारी सकाळी तिनं तिसाव्या खणातून सहा मेलेले किडे उचलले. अडीच मिलिमीटरचे, गोलसर, मसुराच्या अर्ध्या डाळीएवढे. सरांचा टाइप केलेला ओळखतक्ता खणाच्या झाकणाला आतून चिकटवलेला होता. सर म्हणायचे, नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं. नाव आधी घेतलं की डोळा नावासारखंच बघायला लागतो.

तिनं नाव घेतलं नाही. एक किडा उताणा केला, मग पालथा. कपाळावर, दोन मोठ्या डोळ्यांच्या मधे, एक बारीक चकाकता ठिपका होता: तिसरा डोळा. तिसरा डोळा नसता तर तो डर्मेस्टिनी या उपकुळातला, कातडी-हाडं खाणारा ठरला असता. तो गट गळाला. पाठीवर लव नव्हती. खवले होते, पांढरे, पिवळे, काळे, एकावर एक. गळ्याखाली दोन बाजूंना खोबण्या, मिश्या मिटून आत ठेवण्यासाठी. मग तिनं मागचा पाय सरळ केला. पावलाला उसासारखी पाच पेरं असतात. पहिलं पेर दुसऱ्यापेक्षा लांब भरलं. सहाही किड्यांत तेच. मेगाटोमिनी उपकुळ. सुकलेल्या किड्यांवर जगणारे, संग्रहालयांचे जुने वैरी.

दुपारी येडबानं घोंगडी आणली. ती जप्त करून भांडारात पोत्यात बांधून ठेवली होती. मधल्या सुट्टीत कुणी नव्हतं. दोघांनी जमिनीवर पांढरे कागद अंथरले आणि घोंगडी चार टोकांना धरून झटकली.

"हळू झटका मामा. पाय तुटतात."

"माझं की किड्याचं?"

"किड्याचे."

"मंग बराय. माझं तुटलं तर मेमोत लिवतील, पाय तोडून पळाला."

कागदावर धूळ, काड्या, मेंढीच्या लोकरीचे पुंजके आणि त्यात जे हवं होतं ते पडलं: तीन जिवंत अळ्या, चौदा रिकाम्या काती, दोन प्रौढ भुंगेरे. येडबाचा चेहरा उतरला.

"म्हंजी हाय की कीड. साहेबाचं खरं हाय."

"थांबा."

अळ्या गाजरासारख्या होत्या, पुढून जाड, मागं निमुळत्या, आणि शेपटाला सोनेरी केसांचा लांब झुबका. खणांतल्या अळ्या आखूड, मागून रुंद, बुडाशी केसांचे गुच्छ असलेल्या. तिनं प्रौढ भुंगेरा काचेच्या बशीत घेतला. तिसरा डोळा होता. पण तो लांबट, काळपट, आणि अंगभर लव. एकही खवला नाही. मागच्या पायाचं पहिलं पेर दुसऱ्याच्या निम्मंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या भुंगेऱ्याचं मोजलं. तेवढंच. अटॅजेनिनी.

"बघा," ती उठून म्हणाली. येडबानं डोळा लावला. त्याला मायक्रोस्कोप नवा नव्हता.

"ह्याचं पयलं पेर तोकडं हाय."

"आता हा बघा. खणातला."

तो बराच वेळ बघत राहिला. "ह्याचं लांब हाय. येगळंच जनावर दिसायलंय."

"कुळ एकच. उपकुळ वेगळं."

"येकाच कुळातले म्हंता अन् सोयरीक न्हाई?"

"सोयरीक नाही. तुमच्या घोंगडीत खणातला एक नाही, खणात घोंगडीतला एक नाही. तेवीस खण बघितले मी."

येडबानं घोंगडीची घडी घातली. त्याला आनंद झाल्याचं काही दिसलं नाही. "मंग म्याडम," तो घडीवर हात फिरवत म्हणाला, "खणात आलं कुठून, ते बी लिवावं लागंल न्हवं?" आणि उत्तराची वाट न बघता पोतं उचलून गेला.

तो प्रश्न तिच्या मागं पूर्ण्यापर्यंत गेला आणि सकाळच्या गाडीनं परत आला.

बुधवारी तिनं तेवीस खण नुकसानीप्रमाणे मांडले. सगळ्यात जास्त काती आणि सगळ्यात बारीक भुगा सत्तावीसमध्ये होता. तिथून दोन्ही बाजूंना कीड पसरली होती. सत्तावीसमध्ये काय नवं आलं होतं? तिनं फ्रीजरची वही काढली. सरांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता: 'बाहेरून येणारी प्रत्येक पेटी आधी पंधरा दिवस डीप फ्रीजरमध्ये. पेटी माझ्या घरची असली तरी.' प्रत्येक पेटीची तारीख, आत-बाहेर, सही. तिनं फेब्रुवारीचं पान उघडलं. पान कोरं होतं.

कोरं का, ते तिला वही उघडायच्या आधीच माहीत होतं.

यंदा फेब्रुवारीत सरांचा पहिला स्मृतिदिन झाला. सरांच्या पत्नी रुख्मिणीबाई सेलूहून आल्या. त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली लाकडी पेटी आणली होती, शेवटच्या दोन वर्षांत सरांनी घरी टाचण्यांवर लावलेले दोनशे भुंगेरे. पेटी फोटोपुढं ठेवली, हार घातला, भाषणं झाली. सगळे गेल्यावर येडबा पेटी उचलून म्हणाला होता, "म्याडम, फ्रिजात ठिवू का पंधरा दिवस?" आणि ती म्हणाली होती, "सरांची पेटी? आणि फ्रीजरमध्ये? नको मामा." ज्या हातांनी तिला पाय ओळखायला शिकवलं त्या हातांच्या पेटीत कीड असेल, हे तिच्या मनाला शिवलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी तिनं दोनशेच्या दोनशे भुंगेरे सत्तावीसमध्ये लावले. ते लावताना ती रडत होती, आणि चष्मा काढून ठेवला होता.

रिकामी पेटी अजून कपाटावर होती. तिनं ती उतरवली, तळाचा कागद चिमट्यानं उचलला. कोपऱ्यांत काती थरानं साचल्या होत्या, आखूड, मागून रुंद, बुडाशी गुच्छ. शेवटची दोन वर्षं सरांना मोतीबिंदू होता. त्यांनीही पाहिलं नव्हतं.

येडबा व्हरांड्यात पाण्याचा माठ धूत होता.

"मामा, तुम्हाला आठवत होतं. फ्रीजरचं."

"आठवतंय की."

"मग सोमवारी शिवशंकर सरांसमोर का बोलला नाहीत? घोंगडीचंही बोलला नाहीत. राहू द्या मीच म्हणाले होते."

येडबानं माठ पालथा घातला. "काय बोलू? लोकर दिसती, म्याडम. तुमचं 'नको' म्हणनं कुनाला दिसतंय?" मग हात पुसत म्हणाला, "अन् मार्चात तुमचा करार हाय. सरांमागं ह्या खोलीत पाय वळखणारं दुसरं कोन हाय? म्या गेलो तर फडकं मारनारा उद्या मिळंल."

"असं नसतं मामा."

"असंच असतंय."

गुरुवारी तिनं अहवाल लिहायला घेतला. पहिलं पान सोपं होतं: खणांतली कीड मेगाटोमिनी, घोंगडीतली अटॅजेनिनी, फरकाची चार लक्षणं, मोजमापं, चित्रं. सबब घोंगडी हा स्रोत नाही. इथं थांबता आलं असतं. 'स्रोत अज्ञात' असे दोन शब्द लिहिले की पान भरत होतं. तिनं ते लिहिलेही. पण शिवशंकर सर अज्ञात चालवून घेणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. अज्ञात म्हटलं की बोट पुन्हा दारातल्या माणसाकडेच जाणार होतं. तिनं शब्द खोडले आणि दुसरं पान घेतलं. पेटी, तारीख, वहीचं कोरं पान, आणि 'पेटी थंड न करता खणात लावण्याचा निर्णय माझा होता. परिचर येडबा यांनी त्या वेळी विचारणा केली होती.' खाली सही.

शिवशंकर सरांनी दोन्ही पानं वाचली. सावकाश वाचली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं.

"काम नेटकं आहे," ते म्हणाले. "पण समितीला एवढं लागत नाही. कुळ डर्मेस्टिडी, बरोबर? घोंगडीतलंही डर्मेस्टिडी. झालं."

"सर, उपकुळ वेगळंय. हीच तर—"

"उपकुळ कोण विचारतंय, मॅडम? तुम्ही मागच्या पायाचं पेर मोजताय. शनिवारी फलक लागतोय सूर्यभान सरांच्या नावाचा. त्याच दिवशी मी लिहून देऊ, की सरांच्याच पेटीनं सरांचा संग्रह खाल्ला? रुख्मिणीबाई पहिल्या रांगेत बसणारायत. तुम्हाला चालेल?"

सगळ्या जगात हा एकच प्रश्न तिला गप्प करू शकत होता, आणि तो त्यांना बरोबर सापडला होता.

"घोंगडी सकाळीच जाळून टाकली," ते पुढं म्हणाले. "कीड नियंत्रणाची कार्यवाही म्हणून नोंदवलंय. येडबाला कालच सांगितलं, उद्यापासून नको. त्याच्या जागी एजन्सीचा माणूस सोमवारी येतोय. तुम्ही दुसरं पान घेऊन जा. पहिल्यातलंही मी कुळापुरतंच ठेवतो."

"माझा पुरावा होता तो, सर. घोंगडी."

"आता नाही."

ती दुसरं पान घेऊन बाहेर आली. व्हरांड्याच्या टोकाला, कचरा जाळायच्या खड्ड्यात, राखेत काळे गोळे झालेली लोकर होती. जळक्या केसांसारखा वास अजून होता. ती तिथं मिनिटभर उभी राहिली. तिच्या टेबलावर काचेच्या बशीत दोन लांबट, काळपट भुंगेरे होते, आता तेवढेच.

मग ती आवक-जावकच्या खिडकीशी गेली. अहवालाची प्रत तिच्याकडं होतीच. आवक सांभाळणारे भुजंगराव चष्म्यावरून बघून म्हणाले, "साहेबांची सही?"

"माझी आहे."

"कुणाच्या नावानं?"

"तपासणी समिती, अध्यक्ष."

"साहेबांना विचारलं का?"

"आवक करायला विचारावं लागतं का, भुजंगराव?"

"न्हाई लागत," ते म्हणाले. "पण म्हणून कुणी करत न्हाई." त्यांनी शिक्का मारला, तारीख घातली आणि पोचपावती फाडून दिली.

शनिवारी समिती आली. अध्यक्षांनी खण पाहिले, चिठ्ठ्यांवरच्या अक्षराचं कौतुक केलं. फलकावरचा पडदा सरकला. रुख्मिणीबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि सुकेशनीला जवळ घेऊन म्हणाल्या, "तू नीट ठेवलंस गं सगळं." निघताना शिवशंकर सर तिच्याजवळ थांबले. "आवक केलंत म्हणे. बरं. मार्चचं मार्चला बघू." इतिवृत्तात संग्रहाबद्दल दोन ओळी आल्या: कीड डर्मेस्टिडी कुळातील, लोकरी वस्त्रातून शिरकाव, जबाबदार कर्मचाऱ्यास कमी करण्यात आले. तिचा कागद जोडपत्रात होता की नव्हता, हे तिला कुणी सांगितलं नाही.

रविवारी ती पूर्ण्याहून परभणीला आली आणि झरीची एसटी धरली. पुढं दोन किलोमीटर पायी, कापसाच्या रानांमधून. येडबाचं घर कडेला होतं. वाड्यात दहा-बारा मेंढरं होती. येडबा घरी नव्हता, दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला गेला होता. त्याची आई कासाबाई ओट्यावर लोकर पिंजत बसली होती. तिनं सुकेशनीला घोंगडं टाकून बसवलं, गूळ-पाणी दिलं, आणि मास्तरची कोण म्हणून विचारलं.

"त्यांच्या हाताखाली शिकले, आजी."

"लय चांगला मानूस. लेंड्यात बसायचा." कासाबाई हसली. मग पिंजता पिंजता म्हणाली, "येडबा म्हंला नोकरी गेली. जाऊंद्या. पर माझं घोंगडं आनलं न्हाई त्यानं. इचारलं तर बोलतच न्हाई. तुमच्याकडं हाय का ते? काळ्या मेंढीचं व्हतं. तसली मेंढी आता न्हाई ऱ्हायली."

सुकेशनीनं हातातला तांब्या खाली ठेवला. "आजी, ते जाळलं त्यांनी."

कासाबाईचा हात थांबला. "का?"

"कीड होती म्हणून. सरांच्या किड्यांना कीड लागली, ती तुमच्या घोंगडीतून आली म्हणाले."

"आली व्हती का?"

"नाही. तुमच्या घोंगडीतली वेगळी होती. मी मोजून बघितली. सरांच्या किड्यांतली माझ्यामुळं आली. मी एक पेटी न तपासता ठेवली."

"तुमी त्यांना सांगितलं न्हाई का?"

"सांगितलं. लिहून दिलं."

कासाबाईनं मांडीवरचा लोकरीचा पुंजका उचलला, उन्हाकडं धरून बघितला, त्यातली एक काडी काढून टाकली. तिला राग आलेला दिसत नव्हता. तिला हिशेबच लागत नव्हता.

"मंग," ती म्हणाली, "घोंगडं कशाला जाळलं?"